सासऱ्यांची जीभ

डॉक्टर म्हणाले होते, बटर बंद, मार्जरीन चालेल. पण सासऱ्यांना सांगणार कोण? चाळीस वर्षं बेकरी चालवलेला माणूस, मार्जरीनचं नाव काढलं तरी अंगावर धावून यायचा! म्हणून सुनेने गुपचूप बटरच्याच डब्यात मार्जरीन भरलं आणि पावाला लावलं.

सासऱ्यांनी एक घास खाल्ला, तिच्याकडे पाहिलं. "सूनबाई, हे बटर नव्हे."

जीभ आहे की काय आहे! तिने तीन दिवस खरं बटर दिलं, म्हातारा खूश. चौथ्या दिवशी पुन्हा मार्जरीन. पुन्हा पकडली गेली. आज तिने आत मार्जरीनच आहे असं समजून चोरट्या नजरेने तोच डबा उघडला. "हे बटर नव्हे," सासरे म्हणाले.

पण फ्रीजमध्ये बघते तर बटरची नवी वडी अर्धी कापलेली. नवऱ्याने सकाळीच डबा धुऊन त्यात खरं बटर भरलं होतं. तिचं डोकंच चालेना.

"बाबा, ते बटरच होतं हो!"

सासऱ्यांनी पाव खाली ठेवला. "आजारपणापासून जिभेला काही कळत नाही गं. तुझं तोंड बघून सांगतो. चोराच्या मनात चांदणं."

"मग रोजचं बिस्किट?" बेकरी आता नवरा चालवायचा, पण भट्टीतलं पहिलं बिस्किट रोज घरी यायचं. सासऱ्यांनी मान डोलावल्याशिवाय माल बाहेर जात नसे.

"पोराच्या तोंडाकडे बघतो. त्याला सांगू नकोस. तेवढीच तर किंमत उरलीय मला."

तेवढ्यात नवरा बिस्किटं घेऊन आलाच. तोंड अगदी कोरं. "आज तुम्हीच ओळखा, बाबा."

सासऱ्यांनी घास घेतला. मुलाकडे पाहिलं, काही कळेना. मग सुनेकडे पाहिलं. तिने घाईघाईने एक बिस्किट तोंडात टाकलं. गोड होतं. बिस्किट गोडच असतं ना? तिला मेलीला यातलं काय कळतंय! ती आपली हसली.

सासऱ्यांनी जोरात मान डोलावली. "झकास!"

"बाबा, साखर दुप्पट पडलीय," नवरा म्हणाला. "अख्खा घाणा टाकायचा का, तेच विचारायला आलो होतो."

डोलणारी मान थांबली. सून पदराशी चाळा करू लागली. नवऱ्याने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. त्याला काय कळलं नि काय नाही, देव जाणे. मग त्याने स्वतः एक बिस्किट उचललं आणि उभ्याउभ्याच सगळं खाल्लं.

"हां," तो म्हणाला, "तुम्ही म्हणता तर झकासच असणार." आणि बापाच्या शेजारी बसला.