पिल्लांवरचा मासा

रेव्हरंड मॅब्रींनी गळाला लावलेलं रबरी गांडूळ पाणगवताच्या कडेला टाकलं आणि दोरी ढिली सोडून ते तसेच बसून राहिले. पुढं ओढायचं असतं, हे जणू हाताला आठवतच नव्हतं.

"माद्या काही लागायच्या नाहीत आज," होडीच्या मागच्या टोकाकडून त्यांच्या चर्चचा डीकन, म्हणजे कारभार पाहणारा सेवक, लेमुएल म्हणाला. "बास माशाची तऱ्हाच ती. अंडी घातली की खोल पाण्यात जाऊन पडतात. नाकासमोर मेजवानी मांडा, तोंड उघडणार नाहीत."

"बरोबर आहे त्यांचं."

लेमुएलनं उकडलेल्या शेंगांची पिशवी पुढं केली. रेव्हरंडांनी एक घेतली. सोलली नाही, मुठीत धरून ठेवली.

अलाबामातल्या त्यांच्या लहानशा चर्चमध्ये प्रवचन बोलण्यातून सुरू व्हायचं आणि चढत चढत गाण्यात जायचं. लोक त्यासाठीच यायचे. हिवाळ्यात त्यांनी अर्नेटाला, आपल्या बायकोला, माती दिली. तेव्हापासून त्यांचं प्रवचन बोलण्यातच संपू लागलं. दुःख होत होतं असंही नाही. काहीच होत नव्हतं.

"रविवारसाठी दुसरा कुणी बघ," ते म्हणाले. "कायमचाच बघ."

"बघतो की. नदीपलीकडचा एक ऐकून आलोय परवा. त्याच्यापेक्षा आमची शेळी सुरात."

रेव्हरंड हसले नाहीत. तेवढ्यात दोरी ताडकन ताणली गेली. मासा फार मोठा नव्हता. शेपूट झिजून लाल झालेली. तो जिथून आला तिथं उथळ पाण्यात इवल्या पिल्लांचा काळा पुंजका थरथरत होता.

"अहो, हा बाप आहे! पिल्लं राखत होता. भुकेनं नाही, रागानं चावलाय. सोडा लगेच, नाहीतर बाकीचे मासे पिल्लं फस्त करतील."

रेव्हरंडांनी गळ काढला, खालच्या जबड्यात अंगठा घालून माशाला पाण्यात धरलं. तो कलंडला. कल्ल्यांतून पाणी खेळावं म्हणून ते त्याला भराभर पुढंमागं हलवू लागले.

"सावकाश, रेव्हरंड," लेमुएल हलक्या आवाजात म्हणाला. "सावकाश."

हे शब्द चर्चमधल्या पुढच्या बाकांवरचे. प्रवचनकाराचा आवाज गाण्याच्या उंबरठ्याशी अडखळला, की सगळे त्याला हेच सांगायचे. लेमुएल बोलला होता माशाबद्दल. पण रेव्हरंडांच्या गळ्याला ते कळलं नाही. छातीच्या तळातून एक लांब, खरखरीत सूर निघाला, पाण्यावरून थोडा दूर गेला आणि तुटला.

माशानं अंगाला हिसका दिला आणि तो पिल्लांकडं गेला.

"मी माशाचं म्हणत होतो," लेमुएल म्हणाला.

"कळलं मला."

रेव्हरंडांनी हात पँटला पुसले. डोळे कोरडेच होते.

"मग त्या नदीपलीकडच्याला निरोप धाडू?"

रेव्हरंड पाण्याकडंच पाहत होते.

"रविवारी ते 'सावकाश' जरा मोठ्यानं म्हण," ते म्हणाले. "डाव्या कानानं हल्ली मला कमी ऐकू येतं."