आख्खा कोबी

वृंदाला यामिनीचा हेवा वाटत होता. कुणी तोंडावर विचारलं असतं तर तिने साफ नाकारलं असतं, वर 'हेवा करण्यासारखं आहे काय तिच्यात' असंही ऐकवलं असतं. पण वाटत होता. चांगले आठ महिने वाटत होता, आणि रोज संध्याकाळी पाच वाजता नव्याने वाटत होता.

पाच वाजता आभा, वृंदाची तेरा वर्षांची एकुलती एक लेक, चौथ्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर यामिनीकडे गणित शिकायला जायची. यामिनी नागपूरची, लग्नाआधी शाळेत शिकवायची. नवरा केदार कोलकात्याच्या सॉल्ट लेकला आयटी कंपनीत. दमदमच्या त्या इमारतीत मराठी घरं दोनच, त्यामुळे ही शिकवणी वृंदानेच हौसेने लावली होती. आता भोगत होती. गणित सुधारलं, ते ठीक; पण त्याबरोबर आभा तिकडे खायलाही लागली. वर येऊन सांगायची, "मावशीने आज काय मस्त बनवलं होतं!" आणि घरच्या ताटात नुसती बोटं फिरवत बसायची.

माझ्या हातचं माझ्या पोरीला गोड लागत नाही आणि कालची आलेली बाई तिला बोटं चाटायला लावते, हे वृंदाला फार लागलं होतं. नवऱ्याला सांगून बघितलं. विनायक सरकारी बँकेत अधिकारी, पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "खातेय ना कुठेतरी? मग झालं." या माणसाला काही सांगायचं म्हणजे भिंतीला सांगावं.

आणि वृंदा काय ऐरीगैरी गृहिणी होती? बदलीबरोबर कोलकात्याला येऊन सहा वर्षं झाली, पण तिच्या घरातून अन्नाचा कण कधी कचऱ्यात गेला नव्हता. इथल्या बाजारात भोपळ्याची एक फोड मिळते, कोबीचा चतकोर मिळतो, लोक दोन वांगी घेऊनही ताठ मानेने घरी जातात. यामिनीही आल्या आल्या तसंच करायला लागली. वृंदाला तो पोरखेळ वाटायचा. आख्खा घेतला की स्वस्त पडतो, एवढं साधं गणित त्या गणिताच्या बाईला येत नव्हतं. जानेवारीत तर कोबी अगदी मातीमोल. वृंदा बाळाच्या डोक्याएवढा कोबी निवडून आणायची आणि तो आठवडाभर पुरवायची. सोमवारी भाजी, मंगळवारी तीच भाजी मटार घालून, बुधवारी पराठे, गुरुवारी उरलेलं सगळं एकत्र. फ्रीजमध्ये स्टीलचे डबे, प्रत्येकावर वाराची चिठ्ठी. मधला कडक दांडासुद्धा ती बारीक चिरून भाजीत घालायची. शिवाय कोबीच्या भाजीत गोडा मसाला घालायची, आणि तो तिने स्वतः कुटलेला, दगडफूल जरा जास्त घातलेला. कोबीत गोडा मसाला घालणारं माणूस तिच्या माहेराबाहेर तिला आजवर भेटलं नव्हतं.

त्यातल्या त्यात समाधान एवढंच, की शाळेचा डबा आभा मुकाट्याने संपवायची. रोज रिकामा डबा घरी यायचा, आणि तोही धुऊन. "गुणाची आहे हो पोर," असं वृंदा फोनवर आईला सांगायची.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी बागबाजारला अलकाकाकूंच्या घरी मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं. अलकाकाकू चाळीस वर्षं तिथे राहिलेल्या, सगळ्यांच्या वडीलधाऱ्या. त्यांनीच सुरू केलेली एक स्पर्धा हळदीकुंकवाला असायची, तिचं नाव 'उरलंसुरलं'. आपल्या घरात उरलेल्या अन्नाचा नवा पदार्थ करून आणायचा. 'आपल्या घरात' यावर काकूंचा कटाक्ष. मुद्दाम ताजं शिजवून आणणारीला त्या वाण देऊन बाजूला बसवत. गेली तीन वर्षं पहिला नंबर वृंदाचा होता. यंदाही ती शिळ्या पोळ्यांच्या वड्या घेऊन आभाबरोबर ऐटीत पोचली. यामिनी आधीच आलेली होती, आणि तिच्या डब्याभोवती बायका जमलेल्या बघून वृंदाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

तिळगूळ वाटून झाल्यावर अलकाकाकू म्हणाल्या, "सलग तीनदा जिंकलीस वृंदा, आता इतरांना वाव दे. यंदा तू परीक्षक."

यामिनीचा चेहरा खर्रकन उतरला. वृंदाने तो पाहिला आणि तिला बरं वाटलं. घाबरली वाटतं, म्हणजे आपली किंमत आहे तिला. वड्यांचा डबा पिशवीत परत गेला याचं दुःख तेवढ्यापुरतं कमी झालं.

वृंदा एकेक पदार्थ चाखत निघाली. भाताच्या पकोड्यांत मीठ कमी, वरणाचे पराठे चिवट, दुधीच्या सालांची चटणी बरी. मग यामिनीची थाळी आली. त्यात इथल्या दुकानांत मिळतात तसे लांबट, लालसर चॉप होते. पावाच्या कडांचा चुरा लावून तळलेले, आत बीट आणि दाणे.

"घरातलंच उरलेलं ना गं?" काकूंनी रीतीप्रमाणे विचारलं.

यामिनीने एकदा आभाकडे बघितलं. "हो, घरातलंच."

वृंदाने चॉप मोडला. चांगला नसावा अशी तिची मनापासून इच्छा होती. पण वरचं आवरण कुरकुरीत होतं, आतलं सारण मऊ होतं, बिटाचा गोडवा बेताचा होता. आणि त्यामागून दगडफुलाचा वास आला.

तिने दुसरा घास घेतला. दाताखाली काहीतरी कचकन आलं. कोबीचा दांडा, बारीक चिरलेला.

ही गुरुवारची भाजी होती. शुक्रवारी सकाळी तिने स्वतः ती आभाच्या डब्यात भरली होती.

रोजचे रिकामे डबे, तेही धुतलेले, तिच्या डोळ्यांपुढे एका ओळीत उभे राहिले. म्हणजे कार्टी शाळेतून भरलेला डबा घेऊन यायची आणि दुसऱ्या मजल्यावर रिकामा करून वर चढायची. आणि पाच वाजता खाली जाऊन तीच भाजी, तोच मसाला, दुसरीच्या हातून मिटक्या मारत खायची.

मग संताप आला, आणि संतापाच्या पाठोपाठ आनंद. सापडली की आयती. 'ही भाजी माझ्या घरची आहे', एवढं एक वाक्य पुरे होतं. यामिनीची बोलतीच बंद झाली असती. जीभ अगदी शिवशिवली. पण त्यावर पंचवीस बायकांपैकी एकीने तरी विचारलंच असतं, की तुझ्या घरची भाजी तिच्याकडे गेली कशी? मग काय सांगणार? ज्या घरात कण वाया जात नाही म्हणून आपण मिरवलो, त्या घरची पोरच आपला डबा खात नाही, हे?

तिने आभाकडे पाहिलं. आभा थाळीजवळ श्वास रोखून उभी होती. आईकडे बघतही नव्हती.

"बोल की," काकू म्हणाल्या. "चव लागली का?"

"लागली," वृंदा म्हणाली. "पहिला नंबर यामिनीचा."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. सर्वात जोरात आभाने वाजवल्या, आणि यामिनीच्या गळ्यात जाऊन पडली. बक्षीस होतं तीन पुडांचा स्टीलचा डबा. बक्षीस मिळालं वृंदाच्या भाजीला, मिठी मात्र यामिनीला. वृंदाने पाण्याचा ग्लास उचलला आणि नुसताच धरून ठेवला.

गर्दी पांगल्यावर यामिनी जवळ आली. आवाज अगदी खाली. "वहिनी, मी तुम्हाला सांगणारच होते. ती शाळेत उपाशी राहायची. डबा टाकून द्यायची तिची हिंमत नव्हती, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. आज हेच न्यायचं असा हट्टही तिचाच. तुमची भाजी जिंकावी म्हणून."

"मसाला मुरलाय चांगला," वृंदा म्हणाली. आणि तिने वड्यांची पिशवी उचलली.

यामिनी काकूंना आवरायला थांबली. मायलेकी मेट्रोने दमदमला आल्या. वाटेत वृंदाने आभाकडे एकदाही वळून पाहिलं नाही, तेव्हा आईला सगळं समजलंय हे आभाला कळून चुकलं. घरी पोचल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, तू गुस्सा आहेस?"

"असं काय घालते गं ती?" वृंदाने विचारलं. "भाजी माझी, मसाला माझा. बीट घातलं की झालं का? तिच्याकडे असं काय आहे, जे माझ्याकडे नाही?"

आभाने खरंच विचार केला. गणित मांडावं तसा.

"ती विचारते," ती म्हणाली.

"काय विचारते?"

"की याचं काय करू, आज काय खाशील?"

वृंदाने फ्रीज उघडला. डबे ओळीने होते. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. खाली उरलेला अर्धा कोबी. उद्या रविवारी त्याचं काय व्हायचं ते तिने केव्हाच ठरवलं होतं. आभाच्या तेरा वर्षांत घरातलं सगळं तिनेच ठरवलं होतं, आणि एक दाणा वाया गेला नव्हता.

"काय खाशील?" तिने फ्रीजकडे तोंड करूनच विचारलं. आवाज अजून फुगलेलाच होता.

आभा हळूच म्हणाली, "चॉप."

वृंदाला चॉप येत नव्हते. येत असते तर किती बरं झालं असतं.

"मावशीला विचारून येऊ?" आभा दाराकडे वळलीसुद्धा.

"काही नको," वृंदा म्हणाली. तिने अर्धा कोबी उचलून काखेत मारला आणि पायात चपला सरकवल्या. "तू बस इथे. ती आली असेल एव्हाना. मीच जाते."