शेवटचा पीळ

मी एक जुना शिकंजा आहे. सुताराच्या बाकावरच्या खिळ्याला अडकवलेला. माझं अंग ओतीव लोखंडाचं आहे, एका बाजूनं उघडं. त्या उघड्या तोंडात आट्यांचा जाड दांडा आहे. मूठ फिरवली की तो पुढे सरकतो आणि मध्ये येईल ते घट्ट धरतो. मित्रांनो, धरणं एवढंच माझं काम, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

माझा जन्म भट्टीतला. तिथला लाल उजेड तेवढा आठवतो. पुढे दुकानात मिस्त्रींनी मला उचललं आणि त्यांच्या बायकोनं माझी मूठ फिरवून पाहिली. म्हणाली, "हाच घ्या. हात लावला की ऐकतो." याहून मोठं कौतुक माझ्या वाट्याला आलं नाही.

चीर गेलेलं लाकूड चिकटवायला मिस्त्री सरस लावायचे, वर मला बसवायचे. शेवटचा पीळ मात्र तिचा. कारण मिस्त्री इतकं आवळायचे, की सगळा सरस बाहेर यायचा आणि आत काही उरायचंच नाही.

"अहो, लाकूड आहे ते, लिंबू नाही!"

"मग तूच कर बाई. तुझ्या हातात तराजू बसवलाय ना!"

ती हळूहळू मूठ फिरवायची. चिरेवर मधाच्या रंगाचे थेंब ओळीनं आले की थांबायची. मग एका थेंबावर अंगठ्याचं नख दाबायची. नख उमटलं तर ओलं. उमटलं नाही की मला सोडायचं. आत काय झालंय ते कुणालाच दिसत नसे. थेंबावर भरवसा ठेवायचा, बस.

एकदा म्हाताऱ्या पोस्टमनची खुर्ची आली. पाय उभा चिरला होता. तिनं मला आवळलं, थेंबावर नख दाबलं आणि म्हणाली, "ओलं आहे. असू द्या. मी जरा पडते, बरं वाटत नाहीये." ती आत गेली. पुन्हा बाकापाशी आली नाही.

त्यानंतर मिस्त्री मला हात लावीनात. बाकाच्या दुसऱ्या टोकाला काम करत राहिले. माझ्यावर भुसा साचला, आटे गंजले. मी मात्र जीव खाऊन धरून होतो. मी सुटलो तर पाय दुभंगेल आणि तिच्या हातचं शेवटचं काम जाईल, अशी भीती मला आणि मिस्त्रींना, दोघांनाही होती.

पोस्टमन येऊन विचारायचा. एकदा म्हणाला, "मिस्त्री, अरे मी घरी खोक्यावर बसतोय. नातू मला बटाट्याचं पोतं म्हणतो."

मिस्त्री हसले नाहीत. "सोडलं आणि चीर उघडली तर?"

"उघडली तर उघडली. मी बसेन खोक्यावर." पोस्टमननं कान खाजवला. "पण जोडलंय वहिनींनी. या लोखंडानं नाही."

मिस्त्री खुर्चीपाशी आले. मग वाकले. पायाच्या आतल्या बाजूला, एका थेंबावर, तिच्या नखाची बारीक कोर तशीच होती. शेजारच्या थेंबावर त्यांनी आपलं नख दाबलं. उमटलं नाही. अजून जोर लावला. तरी नाही.

त्यांनी माझ्या आट्यांत तेल सोडलं आणि मूठ उलटी फिरवली. माझा जबडा लाकडापासून सुटला. मी घाबरून पाहत होतो.

पाय तसाच उभा होता.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण त्या क्षणी मी थक्क झालो. त्या लाकडाला कुणीही धरलेलं नव्हतं. मीही नाही, तीही नाही. तरी ते एक होतं. माझ्याच तोंडात, मला न कळता, ते कधी एक झालं होतं?

पोस्टमन खुर्चीवर धपकन बसला. "कुरकुरसुद्धा नाही! आमच्या घरात असं कुणी नाही बुवा."

या वेळी मिस्त्री हसले आणि त्यांनी डोळे पुसले. पटाशीनं त्यांनी थेंब खरवडून काढले. कोर उमटलेल्या थेंबापाशी हात थांबला. तो एक त्यांनी ठेवला. मग खुर्ची पोस्टमनच्या खांद्यावर दिली आणि ती वळणाआड जाईपर्यंत दारात उभे राहिले. हाक मारून परत बोलावलं नाही.

आता शेवटचा पीळ मिस्त्रीच देतात. थेंब आले की थांबतात.

मित्रांनो, आमच्या आट्यांना अधूनमधून तेल द्या. आम्हाला आवळलेलं ठेवून विसरू नका. नख उमटेनासं झालं की सोडा. मी रिकाम्या तोंडानं खिळ्याला लटकतो तेव्हा मला त्या खुर्चीची आठवण येते. कुठल्याशा घरात तिच्यावर एक माणूस निवांत बसलेला असेल.