डावं दार, उजवं दार

मतदानाच्या आधीच्या रविवारी लॅट्रिस आईकडे जेवायला आली आणि मक्याच्या पावाचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "मम्मा, तू 'हो' म्हणणार आहेस ना?"

अमेरिकेतल्या सॅगिनॉच्या ज्या मोटार कारखान्यात दोघी कामाला होत्या, तिथं कुणी कुणाला मत विचारत नसे. पगार विचारत, गुडघ्याच्या ऑपरेशनचं विचारत, नवरा कुणाबरोबर पळाला तेही विचारत. मत नाही. तिच्या आईने, व्हर्नीटाने, शेंगांचं भांडं पुढे सरकवलं. "घे अजून."

"म्हणजे हो."

प्रकरण सरळ होतं. अमेरिकी गाड्या खपेनाशा झाल्या होत्या, आणि कंपनी जगवायची तर कुणाला तरी झळ सोसावी लागणार होती. युनियनपुढे मताला आलेल्या नव्या करारात जुन्या कामगारांचा पगार आणि पेन्शन तशीच राहत होती. निवृत्तांचा दातांचा नि डोळ्यांचा विमा जात होता. त्यांना मतच नव्हतं. आणि गेल्या तीन वर्षांत लागलेल्यांना यापुढे निम्मा पगार. करार नाकारला तर वर्षभरात कारखान्याला टाळं.

व्हर्नीटाची नोकरीत अठ्ठावीस वर्षं झाली होती. तीस भरली की पूर्ण पेन्शन. लॅट्रिसची दोन, आणि तीही आईमुळे. जुन्या कामगाराला अख्ख्या नोकरीत एकदाच शिफारशीची चिठ्ठी मिळे, घरातल्या एकाला आत घेण्यासाठी. व्हर्नीटाने ती जपून ठेवली होती. वृद्धाश्रमातली बरी चाललेली नोकरी सोडायला लावून तिने पोरीला गाड्यांची दारं बसवायच्या कामावर आणलं होतं. इथं एकदा चिकटलीस की जन्माची निवांत होशील, असं तिनंच सांगितलं होतं.

"कारखानाच राहिला नाही, तर निम्माही नाही मिळायचा," व्हर्नीटा म्हणाली.

"तेवढं कळतं मला. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं फक्त."

लॅट्रिसने भांडी विसळली, मुलासाठी डबा भरून घेतला आणि गेली. जाताना गालाचा पापा घेतला नाही.

बुधवारी युनियनच्या हॉलच्या दारात निवृत्त ओटिस डोनट वाटत उभा होता. त्याचे पुढचे दोन दात नव्हते. "घे गं, मऊ आहेत," तो व्हर्नीटाला म्हणाला. "विमा गेला की मी मऊच खाणार. तुम्हीपण आत्तापासून सवय करा." रांगेतले लोक हसले. व्हर्नीटाने आत जाऊन 'हो'वर खूण केली. करार दीडशे मतांनी मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी ती युनियनच्या डेल्बर्टकडे गेली. तिचं काम आता खुर्चीतलं होतं. तयार गाडी समोर आली की काचेवर किमतीचा कागद चिकटवायचा.

"माझी खुर्ची लॅट्रिसला दे. मी तिच्या जागी दारांवर जाते."

"बाई, खुर्ची तुझी नाही, तुझ्या वर्षांची आहे. तू उठलीस की सत्तावीस वर्षांवाला हार्लन बसेल. त्याच्यामागे आणखी तीनशे जण. तुझ्या पोरीची पाळी येईतो मोटारी उडायला लागतील."

"मग मला काय करता येईल?"

"बसून राहता येईल. दोन वर्षं. लोक त्यासाठी जीव टाकतात."

"आणि दारांवर जाता येईल?"

डेल्बर्टने चष्मा काढला. "खालच्या कामावर जायला कुणाची आडकाठी नसते. डावीकडची एक जागा रिकामी आहे. पण तुझ्या दुखऱ्या खांद्याचं काय?"

"खांदा माझा आहे," व्हर्नीटा म्हणाली आणि तिने सही केली. हार्लन त्याच दुपारी स्वतःची उशी घेऊन आला.

सोमवारी लॅट्रिसने उजवं दार उचललं, तेव्हा गाडीच्या पलीकडे डावं दार धरून आई उभी होती. दार तेवढंच जड, बोल्ट तेवढेच. पगार मात्र पलीकडे दुप्पट.

"तू इथं काय करतेस?"

"दार बसवतेय."

"यानं माझा पगार वाढणार नाहीये, मम्मा."

"माहीत आहे."

"मग हे काय नाटक?"

पुढची गाडी आली. व्हर्नीटाने दार उचललं. दारांवर ती पंधरा वर्षांत आली नव्हती आणि मधल्या काळात बिजागऱ्या बदलल्या होत्या. चौथ्या गाडीला तिने वरचा बोल्ट लावला आणि दार लोंबकळलं. खांद्यातून कळ गेली. एका गाडीला जेमतेम मिनिट मिळे, त्यातलं अर्धं सरलं होतं.

लॅट्रिस आपलं दार अर्धवट टाकून बॉनेटला वळसा घालून आली. तिने लोंबतं दार मांडीवर तोललं.

"आधी खालचा. वरचा आधी लावलास की असंच होणार. आणि हातानं नको उचलू, कमरेनं उचल. कुणी शिकवलं तुला?"

"तेव्हा वेगळी होती दारं."

"तेव्हा सगळंच वेगळं होतं." तिने बोल्ट आवळला, धावत आपल्या बाजूला गेली आणि गाडी पुढे सरकता सरकता आपलं दार बसवलं.

पुढची गाडी यायला पाचसात सेकंद होते.

"मी अजून रागातच आहे," ती पलीकडून म्हणाली.

"असू दे," व्हर्नीटा म्हणाली आणि तिने पुढचं दार कमरेवर घेतलं.