नाताळीनबायचे ‘गो’

ज्याला आपण आदराने घरी बोलावले, त्याच्या मनाला आपल्याच शब्दाने नकळत इजा झाली, तर हेतू निर्मळ असला तरी तिचे परिमार्जन यजमानानेच करावयाचे असते. नाताळीनबायने ते केले, म्हणून हा वृत्तान्त.

मालवणजवळच्या एका चर्चतर्फे कॉलेजातील विद्यार्थ्यांसाठी सेवाकार्य चालते. दर शनिवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर दूरगावची मुले नाताळीनबायच्या ओसरीवर जमतात. धर्म कोणी विचारत नाही. सत्तरीची ती विधवा स्वतः तांदळाचे घावणे घालते आणि नारळाच्या गोड रसाबरोबर वाढते.

यंदा मेघालयातून इबानरी नावाची मुलगी आली. मराठी तिला कळत नव्हती. पहिल्या शनिवारी ती दारात उभी राहिली, तेव्हा नाताळीनबायने हातातला कालथा हलवत म्हटले, “इलंस गो? ये गो, बस गो.” मुलीचा चेहरा उतरला. ती पायरीवरूनच परतली आणि पुढचे तीन शनिवार फिरकली नाही.

कॉलेज सोडण्याचा अर्ज तिने लिहून ठेवला होता. तिच्या खोलीत राहणाऱ्या मिठबावच्या आकांक्षाने कारण विचारले. इबानरी म्हणाली, की ज्या एकाच घरी गेले, तिथल्या आजीने मला तीनदा ‘जा’ म्हटले, तेही समजावे म्हणून इंग्रजीत. आकांक्षाला हसू आले, पण ते तिने गिळले. आमच्याकडे मुलीला मायेने अशीच हाक मारतात, हे तिने परोपरीने सांगितले. इबानरीला ती निव्वळ समजूत वाटली. तरी एकदा येण्याचे तिने कबूल केले. अर्ज मात्र सोमवारी द्यायचाच होता.

आकांक्षाकडून हे कळल्यावर नाताळीनबाय क्रुसासमोर जाऊन बसली. मग आपल्या आईची आठवण काढून म्हणाली, “माझ्या आवशीन माका ज्या शब्दान जवळ घेतल्यान, त्याच शब्दान मी त्या चेडवाक भायर घातलंय.”

त्या शनिवारी तिने निश्चयच केला. आकांक्षाला “वाढ गो”, दुसऱ्या मुलीला, सारिकाला, “सरक गो”, आणि इबानरीला नुसते “बस”, “घे”. पुढचा शब्द ती ओठांतच दाबी.

इबानरी पाहत होती. तो शब्द ज्यांना मिळाला, त्यांतली एकही उठून गेली नाही. उलट त्या चुलीजवळ सरकल्या. ताटातला घावणा तसाच ठेवून तिने आकांक्षाला हळूच विचारले, “सगळ्यांना म्हणतात, मग मलाच का नाही?”

आकांक्षाने तो प्रश्न मालवणीत सांगितला. नाताळीनबायने कालथा खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि एक हात मुलीच्या डोक्यावर ठेवला.

“जेव गो,” ती म्हणाली.

निघताना उरलेले घावणे बांधायला कागद हवा होता. इबानरीने पिशवीतून अर्ज काढून दिला. मग इतर मुली एकमेकींना म्हणताना ऐकून ठेवलेले शब्द तिने धीर करून उच्चारले, “येतंय गो.”

थोरल्या बाईला ‘गो’ म्हणायचे नसते. मुलींनी तोंडावर हात धरले. नाताळीनबाय मात्र आकांक्षाला म्हणाली, “ऱ्हवांदे. सुधारू नको तिका.”

परमुलखात शिकणाऱ्या लेकरांना असे एखादे दार लाभो, आणि त्या दारात उभी राहणारी माणसे सुखात राहोत.