चिठ्ठीच्या पाठीवरचं ‘पा.’

उचलली जीभ लावली टाळ्याला! “चिठ्ठीच चुकली असेल,” म्हणे. तेही भर बैठकीत, माझ्या तोंडावर. आणि म्हणणारे कोण, तर आमच्या संग्रहालयाचे संचालक, ज्यांना टाचणीवरची माशी कुठून धरायची हे अजून कळलेलं नाही!

चौतीस वर्षं मी इथे कीटकांना टाचण्या लावल्या आणि प्रत्येकाखाली नखाएवढी चिठ्ठी हाताने लिहिली: कुठे सापडला, कधी, कोणी पकडला. अशा अकरा हजार चिठ्ठ्या. निवृत्त झालो तरी आठवड्यातून दोनदा येतोच. तळमजल्यावर माझे खण आणि वर सूनबाईची प्रयोगशाळा. ती कीटकांची वंशावळ मांडते. एकेका कीटकाची चार हजार जनुकं वाचायची, कोणाचं कोणाशी किती जुळतं ते पाहायचं आणि कोण सख्खं, कोण चुलत ते ठरवायचं. तिचं आणि लेकाचं लग्न जमवताना आम्हीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती.

घोडं अडलं एका गांधीलमाशीपाशी. एका पद्धतीने वंशावळीचं झाड मांडलं की ती आपल्या भावकीत गुमान बसायची. दुसऱ्या पद्धतीने मांडलं की उठून भुंगेऱ्यांच्या शेजारी जायची, आणि जाताना बाकीच्यांनाही ओढायची. दोन झाडं, दोन्ही ठाम. संचालकांनी निकाल दिला: चिठ्ठी खोटी. आणि एक खोटी तर बाकीच्यांचा काय भरवसा? सोमवारी माझ्या सगळ्या चिठ्ठ्यांपुढे संगणकात ‘अविश्वसनीय’ असा शेरा पडणार होता.

अख्ख्या नोकरीवर एक शेरा! मला जेवण गेलं नाही. “एका माशीपायी केवढा तो त्रागा,” असं ही म्हणाली, तर तिच्यावरही खेकसलो.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने वर बोलावलं.

“बाबा, एक विचारू? चिडायचं नाही हं.”

“आधीच चिडलोय. विचार.”

तिच्यासमोर ती माशी होती. डोकं, छाती, पंख, पाय. पोट जनुकांसाठी कधीच दळून झालं होतं.

“तुमच्या चिठ्ठीवर ‘भिंतीच्या भोकातून’ असं आहे. संगणकात मात्र ‘पानावर सापडली’ अशीही नोंद आहे. हे पान कुठून आलं?”

मी चिठ्ठी उलटी केली. मागे माझ्याच पेन्सिलीतलं ‘पा.’

“अगं, पान कसलं! पा. म्हणजे पाहुणा!”

काही गांधीलमाश्यांच्या पोटात एक बारकासा परका कीटक मुक्काम ठोकून असतो. पोटाच्या दोन वळ्यांमधून त्याचं नुसतं डोकं दिसतं. मी त्याला पाहुणा म्हणायचो. चिठ्ठीवर जागा नाही, म्हणून ‘पा.’ नोंदी करणाऱ्या मुलींनी त्याचं पान केलं. त्यांना तरी काय बोलणार? मी कधी कोणाला सांगितलंच नव्हतं.

सूनबाईने कपाळावर हात मारला. “म्हणजे आम्ही यजमानाबरोबर पाहुणाही दळला, दोघांची जनुकं मिसळली! आणि हा पाहुणा नात्याने भुंगेऱ्यांजवळचा!”

“झालं तर! सांग जाऊन त्यांना.”

“नुसतं सांगून कसं चालेल? तुमच्या शब्दावर मी डोळे मिटून रस्ता ओलांडेन, बाबा. झाड नाही मांडणार.”

राग आला. पण खरं सांगतो, त्याच वेळी बरंही वाटलं.

पायात पाहुणा नसतो. मी एक पाय अलगद काढून दिला. मग ती संचालकांकडे गेली आणि तीन आठवडे मागून आली. तोवर शेरा पडला तर या झाडावरच्या शोधनिबंधावरून तिचं स्वतःचं नाव काढा, असंही सुनावून आली.

तीन आठवड्यांनी पुन्हा बैठक. पडद्यावर फक्त पायातली जनुकं. पहिल्या पद्धतीने झाड मांडलं, दुसऱ्या पद्धतीने मांडलं. दोन्हीकडे एकच झाड, आणि माझी माशी आपल्या भावकीत.

संचालक हसले. “सून सासऱ्यांची बाजू घेणारच.”

“सर, सासऱ्यांची चिठ्ठी म्हणून मी ती खरी मानली नाही. तपासून खरी निघाली, म्हणून मानली. खोटी निघाली असती तर पहिला शेरा मीच मारला असता.”

शेरा रद्द झाला. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी होतं.

खाली आलो तर ती मागोमाग हजर. “मागे ‘पा.’ लिहिलेल्या किती चिठ्ठ्या आहेत?”

“असतील तीनशे. का?”

“पेन्सिल काढा. सगळीकडे पूर्ण शब्द लिहायचा. चिठ्ठी खरी होती, पण अपुरी होती, बाबा.”

चौतीस वर्षांत या मजल्यावर मला असं बोलायची कोणाची टाप नव्हती. मी निमूट पेन्सिलीला टोक केलं.

घरी हिला सगळं सांगितलं. “भर बैठकीत माझी बाजू राखली, आणि खाली येऊन माझीच चूक काढली!”

“मग? चिडलात ना तिच्यावर?”

“छे गं! रक्ताचं नातं नाही, तरी पोरगी अगदी माझ्यावर गेलीय.”