खोडरबरच्या सूचना

बाई बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता या बागकाम करणार. बाईंना बागकामाचा मनस्वी कंटाळा. जन्मभर बियांचे आकडे मांडले, आता मातीत कशाला हात घालू, असं त्या म्हणायच्या. त्यांचा जीव अडकला होता त्यांच्या पॅकेजमध्ये.

संख्याशास्त्राची म्हणून एक संगणकभाषा असते. जगभरातली माणसं तिच्यात छोटी छोटी फंक्शनं लिहितात. एका बाजूने आकडे घातले की दुसऱ्या बाजूने उत्तर पडतं, गिरणीतून पीठ पडावं तसं. एका कामाची फंक्शनं एकत्र बांधली की झालं पॅकेज. ते कुणीही घ्यावं, वापरावं, आणि काही खटकलं तर लिहिणाऱ्याला कळवावं. बाईंचं पॅकेज उगवणीचं होतं. ट्रेमध्ये ओल्या कागदावर बिया मांडायच्या, रोज किती उगवल्या ते टिपायचं, आणि साधारण बीला डोकं वर काढायला किती दिवस लागतात ते काढायचं, एवढंच त्याचं काम. पण बाईंनी ते नोकरी सांभाळून, पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. इतक्या वर्षांत कुणी तक्रार केली नव्हती. त्याचा अर्थ त्यात दोष नाही असाच बाई घेत आल्या होत्या.

एका सकाळी चहाचा कप घेऊन त्या संगणकापुढे बसल्या आणि चहा तसाच राहिला. पॅकेजच्या पानावर सूचनांची रांग लागली होती. सगळ्या एकाच माणसाच्या, आणि नावाच्या जागी नुसती दोन अक्षरं.

"काय गं, चेहरा का असा?" मास्तरांनी विचारलं. बाईंचे यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण बायकोचा चेहरा बरोबर वाचता यायचा.

"कुणीतरी माझ्या फंक्शनांमधल्या चुका काढल्यात. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी."

मास्तरांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं. "म्हणजे तू काढायचं आणि यानं खोडायचं. खोडरबरच आहे की हा."

नाव चिकटलं ते चिकटलंच.

दोन दिवस बाईंनी त्या पानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. 'उंटावरचे शहाणे' असं काहीतरी पुटपुटत त्यांनी कपाटं आवरली, पडदे धुतले. तिसऱ्या दिवशी मात्र राहवेना. एकेक सूचना खोडून काढायचीच, अशा तयारीने त्या बसल्या.

पहिली सूचना चूक झाल्यावर दिसणाऱ्या संदेशाबद्दल होती. आकड्यांच्या रकान्यात चुकून अक्षर पडलं की बाईंचं फंक्शन 'माहिती अयोग्य' एवढंच म्हणून थांबायचं. खोडरबरने लिहिलं होतं: 'कोणत्या रकान्यात, कितव्या ओळीत, तेही सांगावं. समोरचा माणूस आधीच वैतागलेला असतो.' बाईंनी मान हलवली. बरोबर होतं. दुसरी अशी, की मधल्याच पायरीला दशांश छाटले जातात, छाटणी अगदी शेवटी व्हावी. तेही बरोबर. मदतीच्या पानावरचं उदाहरण चालतच नव्हतं, एक कंस राहून गेला होता. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. प्रत्येक सूचनेखाली चार-पाच ओळींचं उदाहरण होतं: हे घातलं, हे निघालं, हे निघायला हवं होतं. ना टोमणा, ना पांडित्य.

मग एक सूचना आली आणि बाई वाचता वाचता थांबल्या. फार वर्षांपूर्वी त्यांनी कोडमध्ये स्वतःसाठीच, मराठीत, एक टीप लिहून ठेवली होती: 'इथे हात लावू नकोस, सगळं कोसळेल.' खोडरबरने तिच्याखाली मराठीतच लिहिलं होतं: 'हात लावू नकोस असं म्हटलंय म्हणून लावलेला नाही. पण कोसळतं का, ते वेगळ्या प्रतीवर करून पाहिलं. कोसळत नाही. फार भक्कम बांधलंय.'

बाईंनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. पॅकेज वापरणारे पुष्कळ होते. पण आपण लिहिलेली ओळ न् ओळ कुणीतरी वाचली, जपून वाचली, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं.

"अहो," त्या मास्तरांना म्हणाल्या, "हा खोडरबर कोण आहे ठाऊक नाही, पण याची नजर बघा."

"कालपर्यंत तर शत्रू होता."

"काल मी वाचलं नव्हतं."

बाई कामाला लागल्या. एकेक दुरुस्ती करायची, तपासायची, उत्तर धाडायचं. एका सूचनेत मात्र खोडरबर फसला होता. बाईंच्या कोडमधलं एक लांबलचक वेटोळं काढून त्याने एका ओळीत तेच काम करून दाखवलं होतं. दिसायला देखणं, चालायला चपळ. पण ज्या ट्रेमध्ये एकही बी उगवली नाही, तिथे ती ओळ चक्क खोटं उत्तर द्यायची. बाईंनी तसं उदाहरण करून पाठवलं, आणि खोटं कशाला बोला, पाठवताना त्यांना थोडा आनंदही झाला.

संध्याकाळच्या आत उत्तर आलं: 'मान्य. सूचना मागे. तुमच्या उदाहरणावरून एक चाचणी बनवून पॅकेजला जोडली आहे, म्हणजे पुन्हा कुणी असाच अतिशहाणा आला तर दारातच अडेल.'

बाई हसल्या. इतक्या सरळपणे हार मानणारं माणूस त्यांनी प्रयोगशाळेत फारसं पाहिलं नव्हतं. तिथे तर चूक दाखवली की लोक आधी खुर्चीची उंची दाखवायचे.

खरा खटका उडाला तो शेवटच्या सूचनेवर. ती मुख्य फंक्शनबद्दल होती, ज्याच्यावर सगळं पॅकेज उभं होतं. खोडरबरचं म्हणणं असं: काही बियांची नोंद मध्येच थांबते. त्या उगवल्या का नाही, कळतच नाही. तुमचं फंक्शन त्यांना सरळ वगळतं. तसं न करता, जितके दिवस त्या नजरेसमोर होत्या तितके दिवस त्या 'अजून उगवल्या नाहीत' असं धरावं आणि त्यापुढच्या हिशेबातून सोडून द्यावं.

बाईंनी जरा कडकच लिहिलं: 'आमच्याकडे बिया ट्रे सोडून कुठे जात नाहीत. तुम्ही हे फंक्शन नेमकं कशाला वापरताय?'

उत्तर आलं: 'जखमांना. जखम भरायला किती दिवस लागतात ते काढायला. माणसं भरण्याआधीच घरी जातात. पण बियांचंही विचारते: बुरशी लागलेल्या बिया तुम्ही मध्येच काढून टाकत नव्हता?'

बाई खुर्चीत मागे टेकल्या. काढून टाकत होतो की. बुरशी पसरू नये म्हणून रोज सकाळी चिमट्याने वेचून टाकायचो. आणि ज्या बिया उगवायला उशीर लावतात त्यांनाच बुरशी जास्त धरते. म्हणजे रेंगाळणाऱ्या बिया हिशेबातून गळत होत्या आणि उरलेला ट्रे उगाच चलाख दिसत होता. त्यांनी पॅकेजसोबतच्या नमुन्याच्या आकड्यांवर दोन्ही रीती चालवून पाहिल्या. बियांच्या बाबतीत फरक अगदी थोडा होता, पण होता.

मग त्यांच्या लक्षात आलं ते दुसरंच. "अहो, 'विचारते' लिहिलंय. खोडरबर बाई आहे."

"मग रबर म्हण," मास्तर म्हणाले, "रबर कुठल्याही लिंगात चालतं." चित्रकलेच्या माणसाला व्याकरण कोण विचारणार.

लिहून लिहून बोटं दुखली, बोलू या का, असं बाईंनी विचारलं आणि फोन नंबर दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. आवाज शांत, थोडा थकलेला. ती डॉक्टर होती, एका रुग्णालयाच्या जळीत विभागात. मागे कुठेतरी ढकलगाडीची चाकं वाजत होती.

"तुमचं पॅकेज मला फार आवडतं," डॉक्टर म्हणाली. "बाकीच्यांचं उत्तर कुठून आलं ते कळत नाही. तुमचं आतून वाचता येतं. म्हणून तर सूचना करायला धजले."

बाईंनी मुख्य फंक्शन बदलल्याचं सांगितलं. नवी आवृत्ती तयार होती. "तुमच्या जखमांवर चालवून पाहिलीत का?"

"पाहिली."

"मग?"

"आमच्याकडे एक नवी पट्टी आहे. मीच सुरू केली होती, तिच्यावर लेखही लिहीत होते. जुन्या फंक्शनने ती फार गुणकारी दिसत होती, जखमा कितीतरी लवकर भरताहेत असं. पण ती पट्टी बांधलेल्यांपैकी ज्यांचं बरं चाललं नव्हतं, तेच कंटाळून लवकर घरी जात होते. ते वगळले जायचे. नव्या फंक्शनने नवी पट्टी आणि जुनी पट्टी, दोन्ही सारख्याच."

"आणि तुमचा लेख?"

"लिहून तयार होता. पाठवला नाही."

"म्हणजे सूचना केलीत तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं? आपल्याच पायावर धोंडा पडणार म्हणून?"

"शंका होती. आकडे जरा जास्तच गोड लागत होते," डॉक्टर म्हणाली. "ती पट्टी सोडवताना दुखते हो, बाई. जुनीपेक्षा जास्त दुखते. लवकर बरं वाटणार असेल तर माणूस सोसतो. नसेल, तर मी कुणाला काय म्हणून सोसायला लावू?"

फोन ठेवल्यावर बाई स्वयंपाकघरात गेल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मास्तर भाजी निवडत होते. त्यांना सगळं सांगितलं. मास्तर ऐकत राहिले, हातातली शेंग हातातच.

"स्वतःचं चांगलं आलेलं चित्र पुसायला फार धमक लागते," ते म्हणाले. त्या दिवसानंतर त्यांनी तिला खोडरबर म्हटलं नाही. ते तिला डॉक्टरीणबाई म्हणू लागले.

नवी आवृत्ती बाहेर पडली तेव्हा लेखकांच्या जागी बाईंनी स्वतःच्या नावाखाली डॉक्टरचं नाव घातलं. डॉक्टर नको म्हणाली, आभारात पुरे म्हणाली. बाईंनी ऐकलं नाही. वर पॅकेजच्या किल्ल्याही तिला दिल्या, म्हणजे यापुढे एकीने केलेला बदल दुसरीने पास केल्याशिवाय आत जायचा नाही. असा नियम करायचं बाईंच्याच मनात आलं होतं.

पुढच्या आठवड्यात बाईंनी मोठ्या हौसेने एक नवं फंक्शन लिहिलं. दोन ट्रे शेजारी शेजारी ठेवून त्यांची तुलना करणारं. डॉक्टरच्या दोन पट्ट्यांनाही ते चालेल, हे मनात धरूनच लिहिलं होतं. पाठवलं आणि शाबासकीची वाट बघत बसल्या.

रात्रपाळी संपवून डॉक्टरने सकाळी ते परत पाठवलं. खाली लिहिलं होतं: 'कल्पना सुंदर. पण एक ट्रे रिकामा असला तर काय होतं? चाचणी जोडलेली नाही. जोडल्याशिवाय पास करता येणार नाही. रागावू नका.'

"नापास झालीस?" मास्तरांनी विचारलं.

"झाले," बाई म्हणाल्या. खुर्ची पुढे ओढून त्यांनी रिकामा ट्रे मांडला, फंक्शन चालवलं, आणि ते जोरात कोसळलं. बाई खुदकन हसल्या आणि दुरुस्तीला बसल्या.